मंडळीचे वडील मायकेल फॅरडे आणि तांब्याची चकती

गंगाखेड तालुक्यातील खेड्यापाड्यांत ज्यांच्या घरी विजेचा जुना मीटर होता, त्यांना त्याच्या काचेआड फिरणारी चकती खचित आठवत असेल. घरात दिवे अधिक लागले की ती वेगाने फिरे, दिवे मालवले की थांबे. आणि बिलाच्या धास्तीने घरधनी अधूनमधून तिच्याकडे डोकावून पाही. आता बहुतेक ठिकाणी नुसते आकडे दाखविणारे नवे मीटर आले आहेत. परंतु त्या जुन्या मीटरात एक गोष्ट अशी होती की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नसे. चकतीची एक कड एका लहानशा लोहचुंबकाच्या दोन टोकांमधून फिरत असे. लोहचुंबक चकतीला शिवत नसे, तरी तो तिला आवरून धरी. त्याने आवरले नसते, तर चकती भरधाव सुटली असती व सगळा हिशेब चुकला असता. न शिवता आवरणारी ही शक्ती कोणती?

ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या पुरुषाने इसवी सन १८३१ मध्ये शोधून काढले, त्यानेच त्या उत्तराच्या आधारे लोहचुंबक व तांब्याची फिरती चकती ह्यांपासून वीज उत्पन्न करून दाखविली. मायकेल फॅरडे हे ते पुरुष होत. ते लोहाराचे पुत्र होते, मोठ्या शाळेत कधी गेले नव्हते, आणि लंडन शहरातील एका लहानशा मंडळीचे वडील होते. त्यांचे चरित्र ह्या अंकी सांगण्याचे आम्ही योजिले आहे, त्याला कारण आहे. आमच्या भागातील मंडळ्यांतून फिरताना दोन दुःखे आमच्या वारंवार कानी येतात. मुलगा किंवा मुलगी परभणीस अथवा नांदेडास शास्त्रविषय शिकावयास गेली, म्हणजे ती विश्वासाला मुकेल असे भय आईबापांच्या मनात असते; हे पहिले दुःख. दुसरे असे की, मंडळीने शिस्तीखातर ज्याला काही काळ दूर केले, तो मनुष्य बहुधा रुसून कायमचाच जातो. आणि तो जितका शिकलेला व प्रतिष्ठित, तितके त्याचे परत येणे कठीण. फॅरडे ह्यांच्या आयुष्यात ही दोन्ही संकटे आली होती. ती त्यांनी कशी सोसली हे वाचकांनी पाहावे.

मायकेल ह्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी, लंडनला लागून असलेल्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहारकाम करीत. उत्तर इंग्लंडातून ते कामाच्या शोधात लंडनकडे आले होते. पण त्यांची प्रकृती नेहमी नादुरुस्त असे, आणि ज्या दिवशी भाता पेटत नसे त्या दिवशी घरी चूलही जेमतेम पेटे. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ साली इंग्लंडात धान्य फार महागले, तेव्हा आठवडाभराला पुरवून खावा म्हणून ह्या मुलाच्या हाती एकच पाव दिला जाई. लिहिणे, वाचणे व थोडा हिशेब एवढेच त्याचे शिक्षण झाले. परंतु त्या घरात एक गोष्ट नियमाने चाले. रविवार आला की आईबाप मुलांना घेऊन आपल्या मंडळीच्या उपासनेस जात.

ती मंडळी सँडेमनी ह्या नावाने ओळखली जाई. तिचे लोक थोडे व साधे होते. पगारी पाळक त्यांच्यात नसे. मंडळीतून निवडलेले वडील आपापला धंदा करून उपदेश करीत, जसा पौल प्रेषित तंबू शिवून आपले पोट भरी. पवित्र शास्त्रात जे लिहिले आहे ते तसेच पाळावे, धनाचा साठा करू नये, आणि दोन उपासनांच्या मध्ये श्रीमंतगरिबांनी एका पंक्तीस बसून प्रीतिभोजन करावे, असा त्यांचा रिवाज होता. ह्या पंक्तीत लोहाराचा मुलगा वाढला.

तेराव्या वर्षी, म्हणजे १८०४ साली, मायकेल हा रीबो नावाच्या पुस्तकविक्याच्या दुकानी निरोप्या म्हणून लागला. वर्तमानपत्रे घरोघर पोहोचवावी व वाचून झाली की परत आणावी, हे त्याचे काम. पुढील वर्षी मालकाने त्याला पुस्तकबांधणीच्या कामात सात वर्षांसाठी उमेदवार म्हणून घेतले, आणि मुलगा सालस दिसल्यावरून शिकविण्याची फी माफ केली. बांधावयास येणारी पुस्तके हा मुलगा बांधता बांधता वाची. विश्वकोशातील विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट ह्या बाईंनी रसायनशास्त्रावर लिहिलेले सुबोध पुस्तकही असेच त्याच्या हाती आले. ज्या आयझॅक वॉट्स ह्यांची गीते जगभरच्या मंडळ्या गातात, त्यांनी मनाच्या सुधारणेवर एक पुस्तक लिहिले होते. ते वाचून मायकेलने दोन सवयी लावून घेतल्या: पाहिलेले व ऐकलेले लागलीच टिपून ठेवावयाचे, आणि ऐकीव गोष्ट स्वतः पडताळल्याशिवाय खरी धरावयाची नाही. ह्या सवयी त्याने मरेपर्यंत सोडल्या नाहीत.

१८१० साली वडील वारले. त्याच वर्षी शहरात शास्त्रविषयांवर संध्याकाळची व्याख्याने सुरू होती. एका व्याख्यानास एक शिलिंग पडे. ती शिलिंगे थोरल्या भावाने, रॉबर्टने, आपल्या लोहारकामाच्या कमाईतून दिली. आपल्या मंडळ्यांतही कित्येक थोरली भावंडे स्वतः मजुरी करून धाकट्यांना शिकवितात. त्यांनी रॉबर्ट फॅरडेचे नाव लक्षात ठेवावे.

१८१२ साली रीबोच्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेतील सर हंफ्री डेव्ही ह्यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने चार व्याख्याने ऐकली, ती आकृत्यांसह स्वच्छ लिहून काढली, स्वतःच्या हाताने त्यांचे पुस्तक बांधले आणि ते डेव्हींकडे पाठवून शास्त्राच्या सेवेत कोणतेही काम मिळावे अशी विनंती केली. काही महिन्यांनी तेथील एका नोकराने मारामारी केल्यामुळे जागा रिकामी झाली, आणि १ मार्च १८१३ रोजी मायकेल फॅरडे आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार व माडीवरील दोन खोल्या एवढ्यावर प्रयोगशाळेत मदतनीस झाले. बाटल्या धुणे व सामान मांडणे येथून त्यांनी आरंभ केला. १८२५ साली ते त्याच प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

१८२१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन गोष्टींनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या जून महिन्यात त्यांनी मंडळीतील एका वडिलांची कन्या सारा बार्नार्ड हिच्याशी विवाह केला, आणि एका महिन्याने उभे राहून मंडळीपुढे आपल्या पापांची कबुली व विश्वासाची साक्ष दिली. त्यांना मूल झाले नाही. तथापि सेहेचाळीस वर्षे ते जोडपे मोठ्या प्रीतीने राहिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी विजेच्या योगाने तार लोहचुंबकाभोवती सतत फिरविली. आज पंखा, पिठाची गिरणी व विहिरीवरील मोटार ज्या तत्त्वावर फिरतात, ते प्रथम असे हाती आले.

आता तांब्याच्या चकतीकडे येऊ. त्या काळी वीज हवी असली तर इटलीतील व्होल्टा ह्यांनी १८०० साली काढलेल्या रीतीने जस्त व तांबे ह्यांच्या चकत्या खारट पाण्यात भिजविलेल्या कापडासह एकावर एक रचून ती मिळवीत. ती महाग पडे व लवकर संपे. १८२० साली डेन्मार्क देशातील अर्स्टेड ह्यांनी दाखविले की तारेतून वीज वाहू लागली म्हणजे जवळच्या होकायंत्राची सुई हलते. तेव्हा विजेपासून लोहचुंबकाची शक्ती मिळते हे ठरले. फॅरडे ह्यांनी उलट प्रश्न विचारला: लोहचुंबकापासून वीज का मिळू नये? पुष्कळ विद्वानांनी तारेजवळ लोहचुंबक ठेवून वाट पाहिली होती. सुई हलली नव्हती.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडे ह्यांनी सहा इंच रुंदीच्या एका लोखंडी कड्यावर दोन बाजूंना तारेची वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एकीत वीज सोडताच दुसरीला जोडलेली सुई क्षणभर हलली व पुन्हा स्थिर झाली. वीज बंद करताच ती उलट दिशेस हलली. १७ ऑक्टोबरला त्यांनी तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबकाची कांब आत लोटली व बाहेर ओढली, आणि प्रत्येक हालचालीसरशी सुई हलली. तेव्हा गुपित उघडे झाले. नुसता ठेवलेला लोहचुंबक काही देत नाही, हालचाल पाहिजे.

परंतु ही वीज क्षणापुरती होती. ती अखंड कशी वाहील? येथे त्यांना फ्रान्समधील अरागो ह्यांचा एक जुना चमत्कार उपयोगी पडला. १८२४ साली अरागो ह्यांना असे आढळले होते की, तांब्याची चकती फिरविली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे ओढली जाते. तांबे तर लोहचुंबकास चिकटत नाही. मग हे का होते, हे कोणास सांगता येईना. फॅरडे ह्यांनी ताडले की, फिरत्या तांब्यातच वीज उत्पन्न होत असली पाहिजे. रॉयल सोसायटीचा एक प्रचंड लोहचुंबक होता. सुमारे ४५० चुंबकी कांबी एकत्र जोडून तो केलेला होता. २८ ऑक्टोबर १८३१ रोजी फॅरडे ह्यांनी त्याच्या दोन टोकांमध्ये तांब्याच्या एका चकतीची कड येईल अशी मांडणी केली. चकती बारा इंच व्यासाची, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढी, व पितळेच्या आसावर बसविलेली होती. एक तार आसाला लावली, दुसरी चकतीच्या कडेला टेकविली, आणि दोन्ही तारा सुईच्या यंत्रास जोडून चकती हाताने फिरविली. सुई एका बाजूस वळली, आणि चकती फिरत होती तोवर वळलेलीच राहिली. चकती उलट फिरविली, सुई उलट वळली. लोहचुंबकाच्या योगाने अखंड वीज देणारे जगातील पहिले यंत्र ते हेच.

ह्यात काय घडते ते घरगुती दृष्टान्ताने सांगतो. ज्या गंगाखेडात संत जनाबाईंचा जन्म झाला असे परंपरा सांगते, तेथील वाचकांना जात्याची ओळख करून द्यावयास नको. जाते फिरले की मधल्या तोंडात घातलेले दाणे भरडत भरडत कडेकडे सरकतात व पीठ कडेने बाहेर पडते. त्याचप्रमाणे लोहचुंबकाच्या टोकांमधून तांबे फिरू लागले की, तांब्यातील विजेचे सूक्ष्म कण मध्याकडून कडेकडे लोटले जातात. चकती उलट फिरविली तर कडेकडून मध्याकडे. कडेला तार लावून ठेवली की तीच वीज बाहेर नेता येते. आणि दृष्टान्त आणखीही एके ठिकाणी जुळतो. रिकामे जाते हलके फिरते, दाणे घातले की जड होते. चकतीचेही तसेच. तिच्यातून वीज वाहू लागली की ती हाताला जड लागते, कारण ती वीज फिरविणाऱ्याच्या कष्टातूनच आलेली असते. मीटरातील चकतीला न शिवता आवरणारी शक्ती ती हीच. चकतीत उत्पन्न झालेली वीज चकतीच्याच गतीला विरोध करते.

हे सत्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लोहचुंबक व चकत्या जोडून, घातलेल्या कष्टापेक्षा अधिक वीज देणारे यंत्र आपण केले, असे म्हणणारे लोक आपल्याही काळात निघाले आहेत, व कित्येकांनी त्यांना पैसेही दिले आहेत. त्रयस्थांच्या काटेकोर कसोटीस असे एकही यंत्र उतरलेले नाही. पीक पेरल्याशिवाय येत नाही, हे शेतकऱ्याला जसे ठाऊक आहे, तसेच विजेचेही आहे.

फॅरडे ह्यांनी पुढे लोहचुंबक दूर करून पृथ्वीच्याच चुंबकशक्तीत चकती फिरविली, तरी थोडी वीज मिळाली. तेव्हा त्यांच्या मनात आले की, वाहती नदी ही देखील एक हलणारी वस्तूच आहे. तिच्यातही वीज उत्पन्न होत असली पाहिजे. १८३२ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, त्यांनी लंडनच्या वॉटर्लू पुलावर ९६० फूट तांब्याची तार ताणली, तिच्या दोन टोकांस धातूचे पत्रे बांधून थेम्स नदीच्या पाण्यात सोडले, आणि तीन दिवस सुईकडे पाहत राहिले. सुई हलली, पण ती कधी पाण्याच्या उष्णतेमुळे, कधी पत्र्यांवरील मळामुळे हलत होती, नदीच्या वाहण्यामुळे नव्हे. आपली कल्पना बरोबर आहे असा त्यांचा भरवसा होता, आणि सुई हलली एवढे लिहिले असते तर कोणी शंकाही घेतली नसती. तरी प्रयोग फसला असेच त्यांनी विद्वानांपुढे स्पष्ट सांगितले. गोदावरीच्या पुलावरून जाताना ही गोष्ट आमच्या मनात येते. मंडळीचे अहवाल लिहिताना आम्हां पाळकांस व उपदेशकांस ह्या मनुष्यापासून शिकण्यासारखे आहे.

ह्या शोधानंतर धन त्यांच्या दाराशी आले. कारखानदार व सरकारी खाती त्यांचा सल्ला घेत. १८३० साली अशा कामातून त्यांना १,००० पौंडांहून अधिक मिळाले होते, आणि संस्थेचा पगार तर वर्षाला १०० पौंडच होता. धन मिळवावे की सृष्टीचा शोध करावा, ह्या दोहोंत त्यांनी निवड केली. १८३२ साली ती बाहेरची कमाई सुमारे १५५ पौंडांवर आली, व पुढे ती बहुतेक बंदच झाली. आपल्या यंत्राचा हक्कही त्यांनी राखून ठेवला नाही. १८३२ सालीच पॅरिस येथे पिक्सी नावाच्या कारागिराने हाताने फिरविण्याचे वीजयंत्र तयार केले, आणि फॅरडे ह्यांना त्याचे वैषम्य वाटले नाही. ते दांपत्य संस्थेच्या माडीवरच्या खोल्यांत साधेपणाने राही, व हाती उरे त्यातले पुष्कळसे गोरगरिबांकडे जाई.

१८४० साली मंडळीने त्यांना वडील नेमिले. पाळीप्रमाणे ते रविवारी उपदेश करीत आणि आजारी व गरीब सभासदांच्या घरी जाऊन त्यांना भेटत. त्यांची व्याख्याने ऐकावयास राजवाड्यातील माणसे येत. परंतु मंडळीत त्यांचा उपदेश ऐकणारे बहुतेक कारागीर व लहान दुकानदार असत.

१८४४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस ह्या मंडळीने आपल्या ह्या जगद्विख्यात वडिलांना सभासदत्वातून दूर केले. त्याविषयी एक कथा पसरली आहे की, राणीच्या घरी जेवावयास गेल्यामुळे ते एका रविवारी उपासनेस चुकले व ते त्यांच्या अपराधाचे कारण झाले. परंतु ज्यांनी त्या मंडळीचे कागद नीट तपासले, त्यांना असे दिसून आले की, त्याच सुमारास आणखी बरेच सभासद दूर केले गेले होते, आणि वादाचे मूळ मंडळीच्या शिस्तीविषयीच्या मतभेदात होते. कारण काहीही असो, आघात मोठा होता. १८३९ पासून त्यांची प्रकृती खालावलेली होती, स्मरणशक्ती दगा देत होती. आणि अशा वेळी ज्या पंक्तीत ते बाळपणापासून बसले त्या पंक्तीतून ते उठविले गेले.

अशा प्रसंगी मनुष्य काय करतो ते आम्ही पाहिले आहे. तो म्हणतो की ही माणसे कोण मला शिकविणार. तो दुसरी मंडळी शोधतो, किंवा घरीच बसतो. फॅरडे ह्यांना लंडनमधील कोणत्याही मोठ्या मंडळीने मानाने पहिल्या बाकावर बसविले असते. त्यांनी तसे केले नाही. ते नम्र होऊन त्याच लहान मंडळीकडे परत गेले, आणि सुमारे पाच आठवड्यांनी, मे महिन्याच्या आरंभी, तिने त्यांस पुन्हा आत घेतले. परंतु वडिलांचे पद त्यांस परत दिले नाही. सोळा वर्षे, म्हणजे १८६० सालापर्यंत, युरोपातील एक अग्रगण्य शास्त्रज्ञ त्या मंडळीत सामान्य सभासद म्हणून बसला. १८६० साली मंडळीने त्यांना पुन्हा वडील नेमिले.

त्यांचे काम ह्यामुळे खुंटले का? परत घेतले गेल्यावर पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १८४५ मध्ये, त्यांनी जड काचेतून जाणाऱ्या प्रकाशावर लोहचुंबकाचा परिणाम होतो हे दाखविले. आणि थोड्याच आठवड्यांत हेही शोधून काढले की, लोहचुंबकाचा प्रभाव लोखंडावरच नव्हे तर बहुतेक सर्व पदार्थांवर कमीअधिक पडतो. लोहचुंबकाभोवतालची जागा रिकामी नसून शक्तीच्या रेषांनी भरलेली आहे, ही त्यांची कल्पना. त्यांना उच्च गणित येत नव्हते. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यांनी ती कल्पना गणिताच्या भाषेत मांडली. मॅक्सवेल हेही स्कॉटलंडच्या मंडळीचे वडील होते.

शास्त्र शिकल्याने विश्वास जातो, ह्या भयाचे उत्तर ह्या मनुष्याने शब्दांनी फारसे दिले नाही. शास्त्राच्या व्याख्यानात ते धर्माचा विषय सहसा आणीत नसत. पण ज्या देवाने सृष्टी नियमाने बांधली, तिचे नियम शोधणे हे त्याच्याच घरातील काम आहे, असे समजून ते वागले. भ्रमाला मात्र त्यांनी थारा दिला नाही. १८५३ साली इंग्लंडात एक खूळ माजले होते. माणसे मेजाभोवती बसून त्यावर हात ठेवीत आणि भुताखेतांच्या शक्तीने मेज फिरते असे मानीत. फॅरडे ह्यांनी हातांखाली पुठ्ठ्यांचे थर ठेवून त्यांना एक हलकी काडी अशी जोडली की, हात आधी सरकला की मेज आधी, हे डोळ्यांना दिसावे. दिसून आले ते असे की, बसणाऱ्यांचे हातच त्यांच्या नकळत मेजाला लोटीत होते. आणि काडीकडे पाहू दिले की मेज फिरेनासे होई. ते लोक लबाड नव्हते, फसलेले होते. आपल्या मराठवाड्यात भानामती व करणी ह्यांच्या भयाने किती घरे मोडली हे वाचकांना सांगावयास नको. अशा घरी गेल्यावर चिडू अथवा हसू नये. फॅरडे ह्यांच्याप्रमाणे शांतपणे खरे कारण शोधून ते डोळ्यांपुढे ठेवावे.

लहान मुलांवर त्यांचे फार प्रेम होते. नाताळच्या सुटीत मुलांसाठी होणारी व्याख्याने त्यांनी १९ वर्षे दिली. त्यांतील मेणबत्तीवरची व्याख्याने पुस्तकरूपाने अजून वाचली जातात. एक जळती मेणबत्ती घेऊन तिच्यातून ते हवा, पाणी व मनुष्याचा श्वास इथपर्यंत मुलांना नेत. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही रीत पाहून ठेवावी: जे मुलाच्या हाती आहे तेथून आरंभ करावा.

चकतीतून निघालेल्या विजेचे पुढे काय झाले, हे त्यांना ह्याच जन्मी पाहावयास मिळाले. समुद्रकाठच्या दीपगृहांची देखरेख करणाऱ्या संस्थेचे ते १८३६ पासून सल्लागार होते. १८५८ साली साउथ फोरलँड येथील दीपगृहात लोहचुंबकांच्या यंत्राची वीज वापरून दिवा लावून पाहिला गेला. खलाश्यांना खडकांपासून वाचविणारा तो प्रकाश तपासावयास हा म्हातारा स्वतः जाई.

देऊ केलेली सर ही पदवी त्यांनी घेतली नाही. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. शेवटच्या वर्षांत राणी व्हिक्टोरिया ह्यांनी हॅम्प्टन कोर्ट येथे राहावयास दिलेल्या घरी, २५ ऑगस्ट १८६७ रोजी, आपल्या खुर्चीत बसले असता त्यांनी देह ठेविला. वेस्टमिन्स्टर ॲबीत, राजे व कवी ह्यांच्या शेजारी, त्यांना जागा मिळाली असती. ती त्यांनी नको म्हटली होती. हायगेट येथील दफनभूमीत एका साध्या दगडाखाली त्यांची माती आहे.

त्यांच्या चकतीतून मिळणारी वीज दाबाने फार कमी असे. म्हणून पुढे गावांना वीज पुरविण्यासाठी चकतीऐवजी तारेची वेटोळी आली. पण तत्त्व तेच राहिले. १९१५ साली खोपोली येथे टाटांच्या केंद्रात सह्याद्रीच्या पाण्याने यंत्रे फिरू लागली व मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. गोदावरीवर पैठण येथे नाथसागराच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचे यंत्र पाण्याने फिरते. आमच्या शेजारच्या परळी वैजनाथ येथे १९७१ पासून कोळशाच्या वाफेवर वीज काढण्यात आली. पाणी असो वा वाफ, ती एवढेच करते की लोहचुंबक व तांबे ह्यांना एकमेकांजवळ फिरवीत ठेवते. लंडनमध्ये जे काम एका मनुष्याच्या हाताने केले, तेच.

तेव्हा ज्यांची मुले शास्त्र शिकत आहेत, त्यांनी भिऊ नये. मात्र मुलगा सुटीत घरी आला म्हणजे त्याला उपासनेस बरोबर न्यावे व पंक्तीस बसवावे, जसे जेम्स लोहाराने आपल्या मुलास बसविले. आणि ज्या कोणाला मंडळीने दूर केले असेल, मग कारण न्याय्य असो वा नसो, त्याने ह्या चरित्रातील त्या पाच आठवड्यांचा व त्यांपुढील सोळा वर्षांचा विचार करावा. मंडळ्यांच्या वडिलांनीही विचार करावा की, त्या लहान मंडळीने दार लावले खरे, पण ते पुन्हा उघडलेही. रुसलेल्या एखाद्या भावाच्या घरी येत्या रविवारच्या आधी कोणी जाऊन बसेल, तर हे चरित्र लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू. प्रभू आम्हां सर्वांस नम्र मन व सत्याची आवड देवो.